जुन्या शेगडीचे माहेरपण

मैत्रिणींनो, महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या की घरातल्या बाईच्या डोक्यात काय काय चालू असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. आमच्या हिंगोलीकडे गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात. जेवणाच्या दिवशी पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या, आणि पंगतीला सगळा गोतावळा. अशा ऐन घाईत गेल्या वर्षी माझ्या ओट्यावरची काचेची शेगडी फुटली!

दोष शेगडीचा नव्हे, माझाच. पुरणाला किती डाळ लागेल याचा अंदाज घ्यावा म्हणून मी मोठे पसरट पातेले चढवले. पातेले असे, की दोन्ही बर्नर त्याखाली झाकून जावेत. खालची आच वर जायला वाट नाही, ती काचेवरच परतत राहिली. तासाभराने फट्ट असा आवाज झाला आणि काचेचा साबुदाणा ओट्यावर पसरला. एवढे मोठे भांडे ठेवू नका, असे शेगडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिले होते. पण पुस्तिका वाचते कोण? आपण ती बिलाबरोबर कपाटात ठेवून देतो, खरे ना?

मी कपाळाला हात लावून बसले. सासूबाई मात्र शांतपणे तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "एवढं काय तोंड पाडून बसायलीस? माळ्यावरची काढ की. तिला काय झालंय?"

'ती' म्हणजे त्यांची जुनी शेगडी. सासरे तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला नोकरीत असताना घेतलेली. पांढऱ्या रंगाची, पत्र्याची, दोन पितळी बर्नरांची, बैलासारखी दणकट. आजच्या मुलींना खरे वाटणार नाही, पण त्या काळी गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईत सिलिंडरचा गॅस पन्नाशीच्या दशकात आला, इंडेनचे पहिले कनेक्शन १९६५ साली कलकत्त्यात दिले गेले, पण मराठवाड्यातल्या गावांपर्यंत तो पोचायला पुढे खूप काळ गेला. तोवर आमच्याकडे चुलीत पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या, नाही तर रॉकेलचा स्टोव्ह. पंपाच्या स्टोव्हला पिन मारता मारता आणि वातीच्या स्टोव्हची काजळी पुसता पुसता आपल्या आयांचे अर्धे आयुष्य गेले. म्हणून घरात गॅस आला त्या दिवशी सासूबाईंनी शेगडीला हळदकुंकू वाहिले होते. पुढे सासरे निवृत्त होऊन हिंगोलीला आले, तेव्हा हा तालुक्याचा गाव परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला तेव्हा स्वयंपाकघरात हीच शेगडी जळत होती. मी सून म्हणून आले, काचेची शेगडी आली, आणि ही गेली माळ्यावर.

ती खाली काढली आणि घरच्या घरी नवी केली. त्यात एक चूक अशी केली, की आजही आठवली तर हात गार पडतात. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे सगळे सविस्तर लिहिते आहे.

तुमच्याही माळ्यावर, कोठीत किंवा माहेरच्या वाड्यात अशी एखादी शेगडी असेल. तिला भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी हे वाचा, आणि ओट्यावर चढवण्याआधी तर नक्कीच वाचा!

आधी ओळख करून घ्या

शेगडीला हात लावण्यापूर्वी ती चालते कशी ते समजून घ्यावे. यात अवघड काही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेनचा दिवा आठवतो ना? जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास तो तयार झाला. आपली शेगडी म्हणजे तोच दिवा आडवा केलेला.

सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून दाब कमी होऊन रबरी नळीने शेगडीत येतो. बटणामागे एक पितळी कॉक असतो, तो उघडला की गॅस जेटमधून बाहेर पडतो. जेट म्हणजे पितळेची छोटी टोपी, आणि तिचे भोक एक मिलीमीटरपेक्षाही बारीक. त्या बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि बर्नरच्या नळीत शिरताना बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या भोकांवर जळतात. आपल्या गॅसच्या एका भागाला पुरते जळण्यासाठी सुमारे पंचवीस ते तीस भाग हवा लागते. काही हवा नळीतून मिळते, उरलेली ज्योत आजूबाजूने घेते. हवा पुरेशी असली की ज्योत निळी, कमी पडली की पिवळी आणि भांड्याच्या बुडाला काजळी. एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले.

आणखी एक गोष्ट पाहा. तुमची जुनी शेगडी सिलिंडरच्या गॅससाठीच केलेली आहे ना? मुंबईत सिलिंडर येण्याआधी कितीतरी वर्षे कोळशापासून काढलेला गॅस नळाने येत असे. तिथले रस्त्यावरचे गॅसचे दिवे १८६५ सालचे. त्या गॅसच्या शेगड्यांची जेट मोठ्या भोकांची. आज शहरांत नळाने येणारा नैसर्गिक वायूही वेगळा, त्याचीही जेट मोठी. अशी शेगडी कुणी मुंबईच्या नातेवाइकांनी हौसेने दिली आणि तुम्ही ती तशीच सिलिंडरला जोडली, तर ज्योत हातभर उंच उठेल. शेगडीवरची पाटी वाचा, आय.एस.आय.चा शिक्का पाहा, आणि शंका आली तर जोडूच नका.

तीन ताटे मांडा

आम्ही अंगणात वर्तमानपत्रे अंथरली आणि शेगडी सोडायला घेतली. सोडताना मी तीन ताटे मांडली होती. ही युक्ती सासूबाईंची. पापडाच्या वेळी त्या लाटलेले, सुकलेले आणि तुटलेले असे तीन भाग करतात, तशीच. पहिल्या ताटात आपल्या हातचे काम. दुसऱ्यात जाणकाराच्या हातचे. तिसऱ्यात जे दुरुस्त करायचेच नाही, नवेच आणायचे.

शेगडी वापरातली असेल तर आधी रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढा, सिलिंडरला टोपी बसवा, आणि मगच नळी सोडा. खिडक्या उघड्या ठेवा. आपल्याकडे पुष्कळ घरांत देवघर स्वयंपाकघरातच असते. तेव्हा समई, निरांजन, उदबत्ती काही पेटते नाही ना, हे आधी पाहा. सोडण्यापूर्वी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. कोणता स्क्रू कुठला हे नंतर आठवत नाही. डावा बर्नर मोठा आणि उजवा लहान असेल, तर त्यांच्या वस्तूही वेगळ्या वाट्यांत ठेवा. त्यांची अदलाबदल झाली तर एक ज्योत भडकेल आणि दुसरी मिणमिणेल.

पहिले ताट: आपल्या हातचे

भांडी ठेवायच्या लोखंडी जाळ्या, बर्नरखालच्या ताटल्या, बर्नर, बर्नरची नळी, पत्र्याचा सांगाडा आणि बटणे, हे सगळे आपल्याला साफ करता येते.

जाळ्या आणि लोखंडी ताटल्या कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून तासभर बुडवून ठेवा. वर्षांचे चिकट तेल सुटून येते. मग काथ्याने घासा. गंज असेल तिथे पॉलिशपेपर मारा, धुऊन उन्हात खडखडीत वाळवा आणि गोडे तेलाचे बोट फिरवा. मात्र ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला सोडा लावू नका. सोड्याने ॲल्युमिनियम काळे पडते आणि खाल्ले जाते. बऱ्याच शेगड्यांत बर्नरची नळी ॲल्युमिनियमचीच असते. तिला साधे साबणाचे कोमट पाणी पुरे.

पितळी बर्नरला चिंच. तांब्याभांड्यांना लावतो तशीच, थोडे मीठ घालून. पण चिंच लावून रात्रभर ठेवू नका. आंबट पदार्थ पितळ खातो. पाच मिनिटे चोळा आणि भरपूर पाण्याने धुवा. सासूबाईंनी बर्नर हातात घेतले आणि असे लखलखीत केले, की मला देवघरातल्या उपकरणांची आठवण झाली.

आता बर्नरची भोके. आपण ज्वारीची भाकरी खाणारी माणसे. भाकरी तव्यावरून आचेवर टाकली की पीठ झडते, दूध उतू जाते, वरणाला उकळी येऊन फेस सांडतो. हे सगळे भोकांत जळून बसते. प्रत्येक भोकात बारीक तार किंवा दाभणाचे टोक अलगद फिरवा, कचरा काढण्यापुरते. भोक मोठे करायचे नाही. नंतर बर्नर उलटा करून आपटा आणि उजेडाकडे धरून पाहा, सगळी भोके चाळणीसारखी मोकळी दिसली पाहिजेत.

बर्नरच्या नळीकडे विशेष लक्ष द्या. माळ्यावर पडलेल्या शेगडीच्या नळीत कोळी हमखास घर करतो. आमच्या शेगडीत डाव्या नळीत कोळ्याचे जाळे आणि उजवीत कसल्याशा किड्याचे मातीचे घरटे निघाले. असे काही नळीत असले की हवा ओढली जात नाही, आणि गॅस मागे परतून जेटपाशीच, बटणाच्या जवळ पेटू शकतो. बाळाची दुधाची बाटली धुवायचा जुना ब्रश नळीत फिरवा. याहून चांगले हत्यार मला सापडले नाही.

सांगाड्याचा गंज खरवडून बाहेरून रंग द्यायचा असेल तर उष्णता सोसणारा रंग हार्डवेअरच्या दुकानात मागून घ्या. रंग फक्त सांगाड्याला. बर्नर, जेट, कॉक, नळीची तोंडे यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. आणि सगळे दोन दिवस नीट वाळू द्या, नाही तर पहिल्या आचेला घरभर रंगाचा धूर.

शेवटी पायांखालची रबरी बुटे. ती झिजलेली असली की शेगडी डुगडुगते आणि कढत पातेले सरकते. चारी नवी घाला. ओट्याच्या कडप्प्यावर शेगडी ठेवून तिच्यावर पाण्याने भरलेले ताट ठेवले की ती समपातळीत आहे का ते लगेच कळते.

दुसरे ताट: जाणकाराच्या हातचे

इथे मी चुकले.

आमच्या शेगडीचे एक बटण फिरता फिरत नव्हते. इतकी वर्षे पडून कॉक घट्ट बसला होता. बाकी सगळे तर आपणच केले, मग एवढ्यासाठी मेकॅनिकला कशाला बोलवा, असे मला वाटले. शिवणयंत्राची तेलाची बुदली घेतली आणि बटण काढून कॉकमध्ये चार थेंब सोडले. दोनदा पकडीने हलवले आणि कॉक लोण्यासारखा फिरू लागला. मी खूश! त्याच दिवशी नवी नळी जोडून शेगडी ओट्यावर ठेवली. साबणाच्या पाण्याने सांधे तपासले, एकही बुडबुडा नाही. दुपारचा सगळा स्वयंपाक तिच्यावर झाला.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. चहा करून, बटण बंद करून मी गांधी चौकाकडे बाजाराला गेले. रेग्युलेटर चालूच राहिला. एरवीही तो दिवसभर चालूच असायचा. परत यायला तिन्हीसांजा झाल्या. दार लोटले आणि तो वास नाकात शिरला. सासूबाई देवघरापुढे पाटावर बसल्या होत्या. वात भिजवलेली, डाव्या हातात काड्याची पेटी, उजव्या हातात काडी.

"आई, काडी लावू नका!" असे मी ओरडले खरे, पण माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्या वळून म्हणाल्या, "का गं? काय झालं?" त्यांना वास आलाच नव्हता. वय झाले की जसे डोळे आणि कान मंदावतात तसे नाकही मंदावते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या पाटावर, म्हणजे जमिनीलगत बसल्या होत्या. आपला गॅस हवेपेक्षा जड. दीडपट-दुपटीने जड. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागी साचतो. हवेत शेकडा सुमारे दोन भाग मिसळला तरी पेट घेतो.

मी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, एवढी बुद्धी देवाने दिली. बटण लावताना किंवा बंद करताना ठिणगी उडते. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या-दारे सताड उघडली, सासूबाईंना हाताला धरून अंगणात आणले आणि मग घराबाहेरून फोन केला. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे. तो पाठ करून ठेवा, मुलांनाही शिकवा. त्या दिवशी आमच्या घरी सांजवात अंधार पडून बऱ्याच वेळाने लागली.

मेकॅनिक आला. त्याने कॉक सोडला आणि आतला निमुळता पितळी गोळा मला दाखवला. म्हणाला, "वहिनी, ह्याला तेल नाही चालत. ह्याचं वेगळं ग्रीस असतं." तेव्हा कुठे मला सगळा खुलासा झाला. तो गोळा आपल्या घरात अगदी तंतोतंत बसलेला असतो, आणि मधली केसाएवढी फट जाड ग्रीसने भरलेली असते. ते ग्रीस नुसते फिरायला सोपे जावे म्हणून नसते, गॅस अडवायलाही असते. मी घातलेल्या पातळ तेलाने जुने ग्रीस धुऊन निघाले. पहिल्या दिवशी तेलानेच फट भरलेली होती, म्हणून साबणाच्या पाण्याला बुडबुडा आला नाही. आचेने तेल आटले आणि गॅसला वाट मिळाली.

म्हणून मैत्रिणींनो, कॉकला खोबरेल नाही, गोडे तेल नाही, यंत्राचे तेल नाही. काहीच नाही. बटण घट्ट वाटले, सैल वाटले किंवा बंद केल्यावरही वास आला, तर कॉक जाणकाराच्या हाती द्या. दुरुस्त होत नसेल तर तो बदलूनच देईल.

जेटही याच ताटात ठेवा. कितीतरी बायका जेटमध्ये सुई किंवा पिन घालतात. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची सवय, दुसरे काय! पण गॅसच्या जेटचे भोक मोजून पाडलेले असते. समजा ते ०.६ मिलीमीटर आहे आणि सुईने घासून ०.७ झाले. डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण भोकाचे क्षेत्र छत्तीस टक्क्यांनी वाढते, आणि गॅसही जवळपास तेवढाच जास्त सुटतो. हवा मात्र त्या मानाने वाढत नाही. मग ज्योत पिवळी, भांडी काळी, सिलिंडर आठ दिवस आधी रिकामा. दारावर ओरडत येणारे काही दुरुस्तीवाले 'ज्योत मोठी करून देतो' म्हणतात, ते नेमके हेच करतात. त्यांना दारातूनच नमस्कार करा. जेट तुंबले असेल तर मेकॅनिककडून काढून घ्या. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून फुंकर मारली की बहुधा मोकळे होते. नाही झाले तर त्याच मापाचे नवे बसवून घ्या.

तिसरे ताट: दुरुस्त करायचेच नाही

जुनी रबरी नळी कितीही चांगली दिसो, ती या ताटात. नळी वाकवून पाहा, बारीक चिरा दिसतील. आता आतून तारेची जाळी असलेली नारिंगी नळी मिळते. ती अधिकृत वितरकाकडूनच घ्या, तिच्यावर आय.एस.आय.ची खूण आणि वर्ष छापलेले असते. पाच वर्षे झाली की बदला. नळी दीड मीटरहून लांब नको, तिला मध्ये जोड नको, आणि ती भिंतीतून किंवा शेगडीच्या मागून गरम जागेवरून नेऊ नका. एका सिलिंडरला दोन फाटे फोडून दोन शेगड्या लावणे तर अजिबात नको, मग सण कितीही मोठा असो.

शेगडीचे जे तोंड नळीत शिरते ते गंजून खडबडीत झाले असेल, तर त्यावर नवी नळीही घट्ट बसणार नाही. तोही भाग बदलायचा. आणि सिलिंडर नेहमी उभा, शेगडी त्याच्याहून उंचावर. ओट्याखाली सिलिंडरचे कपाट असेल तर त्याला खालून हवा खेळायला जाळी हवी.

पहिली काडी

सगळे जोडून झाले की मेकॅनिकसमोरच तपासणी करून घ्या. वाटीत साबणाचा फेस करा, आणि रेग्युलेटर उघडा, बटणे बंद ठेवा. नळीचे दोन्ही सांधे आणि कॉकचे मागचे-पुढचे अंग यांवर फेस लावा. बुडबुडा फुगला की गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणाऱ्या शूर बायका मी पाहिल्या आहेत. तो शूरपणा आपल्याला नको. आणि माझ्या अनुभवावरून सांगते, ही तपासणी एकदा करून भागत नाही. शेगडी दोन-चार दिवस तापली की पुन्हा करा.

मग पहिली काडी. आधी काडी पेटवायची आणि मग बटण उघडायचे. उलटे नाही.

आता ज्योत पाहा. प्रत्येक भोकावर निळा, टोकदार, स्थिर दिवा दिसला पाहिजे. पिवळी शेंडी असेल तर हवा कमी. नळीच्या तोंडाशी हवेची पट्टी असलेल्या शेगडीत ती थोडी उघडा. ज्योत फुरफुरत बर्नरपासून उचलली जात असेल तर हवा जास्त, पट्टी थोडी मिटा. पट्टी नसेल तर नळी आणि बर्नर पुन्हा साफ करा, आणि बर्नर आपल्या जागी नीट बसला आहे ना ते पाहा. एक गंमत सांगते. पाण्यात मीठ असेल आणि ते उतू गेले तर ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो मिठाचा रंग, त्याने घाबरू नका. पण कायम पिवळी ज्योत मात्र नुसती भांडी काळी करत नाही. अर्धवट जळालेल्या गॅसातून विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. बंद खोलीत तो घातक.

शेगडी सुधारली की नाही हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. साफ करण्यापूर्वी आणि नंतर, तेच पातेले, तेवढेच पाणी, झाकण घालून, त्याच बर्नरवर उकळायला ठेवा आणि घड्याळ पाहा. आजच्या मानकाप्रमाणे नव्या शेगडीने गॅसच्या उष्णतेपैकी किमान ६८ टक्के भांड्याला दिली पाहिजे. जुनी तेवढी देईलच असे नाही. पण मोकळी भोके आणि निळी ज्योत असली की ती आपल्या परीने बरेच काही परत करते.

मोडीत कधी काढावी?

हेही स्पष्ट सांगायला हवे. सांगाड्यातली गॅसची मुख्य नळी गंजून कुरतडली असेल, पितळी कॉकला तडा असेल, जागोजाग झाळ मारलेली असेल, किंवा त्या मापाचा कॉक आणि जेट मिळतच नसतील, तर जीव कितीही गुंतला असला तरी तिला गॅस जोडू नका. लेथवर नवे जेट करून देतो म्हणणाऱ्याचेही ऐकू नका. बर्नर लखलखीत घासून आठवण म्हणून ठेवा. आठवणीला ज्योत लागत नाही.

आमची शेगडी मात्र या परीक्षेत उतरली. मेकॅनिकने एक कॉक नव्या ग्रीसने बसवला, दुसरा बदलला, जेटे तपासली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणाचे तेच मोठे पातेले तिच्यावर चढले. लोखंडी जाळी हूं की चूं करीना. पातेले मात्र या खेपेला एकाच बर्नरवर, बाजूने हवा खेळेल असे ठेवले होते. वसमतच्या नणंदबाई नव्या मोसमाची हळद घेऊन आल्या होत्या. ओट्याकडे पाहून म्हणाल्या, "अगं, ही तर आईची शेगडी!" आणि शेजारी उभ्या राहून पुरण हटवू लागल्या. लग्नाआधी त्या याच शेगडीवर पहिल्यांदा पोळी भाजायला शिकल्या होत्या.

आता आमच्या घरात दोन नियम झाले आहेत. काम संपले की बटण तर बंद करायचेच, पण रेग्युलेटरही बंद, मग पाचच मिनिटांनी पुन्हा चहा ठेवायचा असला तरी. आणि तिन्हीसांजेला दिवा लावण्याआधी खिडकी उघडायची. ओट्याच्या वर भिंतीवर मी एक कागद चिकटवला आहे. नळी कधी घेतली ती तारीख, कधी बदलायची ते वर्ष, आणि १९०६. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

परवा संध्याकाळी त्या दिवा लावायला बसल्या आणि काडी हातात घेऊन थांबल्या. मला हाक मारली, "सूनबाई, जरा इकडं ये. वास बघ, आणि मग मला सांग." मी वास घेतला. तुपाच्या वातीखेरीज कसलाच वास नव्हता. "लावा आई," म्हटले.

आता रोज असेच चालते. तुमच्याही घरी कुणी वडीलधारे एकटे चहा करत असेल, तर आज संध्याकाळी एवढे कराच. वाटीत साबणाचा फेस घ्या, सांध्यांना लावा, आणि एकदा नीट पाहा.